दारावर येणारे आप्पा

आप्पांना मी कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. कुणाच्याही घरी गेले की ते उंबऱ्याला पाठ टेकून खाली बसत, चांगला कान घराकडे आणि गेलेला कान रस्त्याकडे करून. डावा कान कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला होता. काम सोडून कित्येक वर्षं झाली होती, तरी ते म्हणायचे, "हाऊ कान बहिरा नाही, सर. याच्यात माग अजून चालूच शे." असं म्हणून ते हसत; खानदेशात आहेला शे म्हणतात. ऐकणाऱ्याला मात्र आपल्याही कानात काही वाजतंय का, असं उगीचच वाटू लागे.

आणि ह्याच माणसाच्या हातून आमच्या भागातल्या सगळ्या खुर्च्या वाटल्या जात. गणपती मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन, समाजाच्या वाडीचा कारभारी, कारखान्यातला मुकादम, इतकंच काय, महापालिकेला उभा राहायचा उमेदवारसुद्धा आप्पांनी बोट ठेवल्याशिवाय ठरत नसे. त्यांचं स्वतःचं पद कुठलंच नव्हतं. पाटीवर, पत्रिकेवर, बॅनरवर कुठेही त्यांचं नाव नसायचं. त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. सगळे आप्पाच म्हणायचे.

मी परभणीकडचा. सुरतेतल्या एका खासगी मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून बायकोला घेऊन आलो आणि शहराच्या डिंडोली भागात आप्पांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ते वर एकटे राहत. गावाकडे त्यांचं अख्खं कुटुंब एकाच वर्षात गेलं, असं लोक सांगत. कसं गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, "तापी आमच्या गावावरून येते. तिच्या मागं मागं मी आलो." एवढंच.

सकाळी कधी कधी दारात पांढरी गाडी उभी राहायची. त्यातून एखादा खादीवाला पुढारी उतरायचा, नाहीतर लूमच्या खात्याचा शेठ. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. जिन्यात उभं राहूनच बोलणं व्हायचं. मला खाली सगळं ऐकू यायचं.

"आप्पा, एक माणस जोईए छे. सारो, सीधो."

"मळशे," आप्पा म्हणायचे. "उतावळ नहीं." येणाऱ्याला चांगला, सरळ माणूस हवा असायचा; आप्पा म्हणत, मिळेल, घाई नको.

मग गाडी जायची, आणि आप्पा आपली कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायचे.

त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. तिच्यात कापूर, सुतळी, तुपाची वाटी, तुळशीची पानं आणि कोरं कापड कायम असायचं. आमच्या भागात कुठेही माणूस गेला, की सगळ्यात आधी आप्पा हजर. रडणाऱ्या बायकांना ते भिंतीकडे बसवत, बांबू आणवत, टेम्पो बोलावत, तापीवरच्या स्मशानात लाकडं कुठे मिळतील ते त्यांना पाठ असे. घरच्यांना काही सुचत नसताना आप्पा हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत जात आणि लोक ती मुकाट्याने करत. खानदेशी माणसं मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. इतर लोक एकदा दारावर जाऊन येत. आप्पा रोज जात. दहाव्यापर्यंत, तेराव्यापर्यंत. घरातल्या कर्त्या पुरुषाचा हात हातात घेऊन ते तासन् तास काही न बोलता बसत. डॉक्टर नाडी बघतो तसा तो हात त्यांनी धरलेला असे.

मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. एवढं कोण करतं परक्या गावात?

शेजारच्या गल्लीत बन्सी नावाचा लूम कामगार होता. अबोल, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. त्याची आई वारली आणि तेरावा झाला, त्याच आठवड्यात तो मंडळाचा अध्यक्ष झाला. गळ्यात हार, डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं, आणि चेहरा असा, की वाट चुकलेल्या माणसाला कुणीतरी स्टेजवर उभं केलंय. पुढे मंडळाच्या बैठकीत मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची, कुठल्या पक्षाला पाठिंबा द्यायचा, काहीही निघालं की आप्पा दारात बसून एक वाक्य बोलत आणि बन्सी म्हणे, "तसंच करा." एवढं बोलून तो आपल्या हातांकडे बघत राही. पोरं त्याला मागून 'तसंच करा अध्यक्ष' म्हणायची.

पुढे बन्सीला मुलगा झाला. तो घरोघर पेढे वाटत फिरला. मोठ्याने बोलायला लागला, बैठकीत एकदा "का?" असंही म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडळाला नवा अध्यक्ष आला. मी आप्पांना जिन्यात गाठून विचारलं, "बन्सीला का काढलं हो?"

"काढलं नाही, सर. तो भरला," आप्पा शांतपणे म्हणाले. "अख्खा मानूस खुर्चीत मावत नाही."

मी हसलो. मला तो गमतीचा शब्द वाटला.

माझी बायको मंगल एकदा समाजाच्या वाडीत कुणाच्या बारशाला गेली होती. वाडी म्हणजे समाजाचा हॉल. परत आल्यावर पातळाची घडी करता करता म्हणाली, "तिथं भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो लावलेत. सत्काराच्या दिवशीचे. तुम्ही कधी नीट पाहिलेत?"

"काय आहे त्यात?"

"एकाच्याही डोक्यावर केस नाहीत. सगळ्यांची डोकी नुकती भादरलेली. ओळीने." ती हसली, आणि मग घडी अर्धवट धरून थांबली. "हसण्यासारखं नाहीये ते. बायका पाळणा म्हणत होत्या आणि ही सगळी सुतकातली माणसं भिंतीवरून बघत होती."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. ती म्हणाली तसंच होतं. हार ताजे, डोकी उघडी, आणि डोळे कॅमेऱ्याच्या थोडे बाजूला, जिथे फोटो काढताना कुणीतरी उभं असावं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मंगल आजारी पडली. आधी ताप, मग कावीळ, आणि कावीळ उतरायचं नावच घेईना. दवाखान्यात काढले तेवढे दिवस काढले, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पथ्य पाळा, बघू. त्या 'बघू'चा आवाज मला नीट ऐकू आला. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पायाच्या बोटांतून जोडवी गळून पडायची.

संध्याकाळी आप्पा जिना उतरून आमच्या उंबऱ्यात येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी शहाळं आणलं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा वैद्याचा पाला. मग काहीच आणायचे नाहीत, नुसते येऊन बसायचे. पिशवी मांडीशी. चांगला कान आत, खाटेकडे. मी शेजारी बसलो की माझा हात हातात घ्यायचे.

त्याच वर्षी आमचे हेडमास्तर दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेने पाहिलं तर माझ्या आधी देवरे सर होते. नंदुरबारकडचे, उंचेपुरे, खोखोचा संघ घेऊन मैदानावर स्वतः पळणारे. शाळेमागचं ते मैदान संस्थेच्या शेठला हवं होतं, तिथे त्याला लूमचे शेड बांधायचे होते. त्यासाठी शाळेच्या समितीत हेडमास्तरची संमती लागत होती. भर बैठकीत देवरे सर उभे राहून म्हणाले होते, "शेठ, पोरांनी पळायचं कुठं? तुमच्या गच्चीवर?" सगळे हसले होते. शेठही हसला होता.

मंगलचं दुखणं लांबलं तशी शाळेत एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मी आलो की शिपाई स्टुलावरून उठायला लागला. शेठकडून घरी फळांची करंडी आली. एकदा वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "या हेडसर." मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं. आणि एका संध्याकाळी उंबऱ्यातून उठता उठता आप्पाच म्हणाले, "येतो, हेडसर. धीर धरा."

ते गेल्यावर मंगल खाटेवरून म्हणाली, "काय म्हणाले ते तुम्हाला?"

"काही नाही. असंच."

ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं, झोप लागली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ते फोटो आठवतात?"

मी उठून खिडकी लावली. बाहेर उन्हाची तिरीप होती आणि वाराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पा येऊन बसले, तेव्हा मंगलने उशीवर कोपर टेकून मान वर उचलली. एवढी हालचाल तिने कित्येक दिवसांत केली नव्हती.

"आप्पा, आत का येत नाही? रोज उंबऱ्यातच बसता."

"इथं बरं शे, बाई."

"एक विचारू? हेडमास्तर यांनाच करणार ना?"

"आपण कोण करणारे?"

"मग मी बरी झाले तर?"

आप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. प्रश्न सरळ विचारला म्हणून सरळ उत्तर द्यावं, असा विचार करत असल्यासारखे ते दिसले.

"बरी झालीस तर चांगलंच शे, बाई," ते म्हणाले. "मी दुसरीकडं जाईन."

पिशवी उचलून ते जिना चढून वर गेले. वरून त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मंगल ऐकत होती. मग म्हणाली, "मला पेज द्या. आणि त्यात मीठ घाला, डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

तिने ती पेज रागाने खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. तिला जगायचं होतं की त्या माणसाला उंबऱ्यातून उठवायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. पण हळूहळू डोळे निवळले. भिंतीला धरून ती मोरीपर्यंत जाऊ लागली, मग धरल्याशिवाय. एका सकाळी ती बाहेरच्या नळावर घागर लावून उभी होती, तेव्हा आप्पा जिना उतरत होते. थबकले. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "लई आनंद झाला, बाई," म्हणाले. खोटं नव्हतं ते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ते पिशवी घेऊन गल्लीबाहेर निघून गेले आणि त्या दिवसापासून आमच्या दारात बसले नाहीत. शाळेत शिपाईही स्टुलावरून उठेनासा झाला.

"वाईट चिंतलं असेल का त्यांनी तुझं?" मी एकदा म्हणालो.

"छे," मंगल म्हणाली. "ते फक्त वाट बघत होते. ते जास्त वाईट."

दिवाळी जवळ आली होती. खुर्ची कुणाला मिळणार हे ठरलेलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात शाळेतल्या एकेका माणसाच्या घराचा विचार करू लागलो होतो. कुणाची आई म्हातारी आहे, कुणाचा भाऊ दारू पितो. मला माझीच भीती वाटली.

देवरे सरांच्या बायकोला कपडे वाळत घालताना शॉक लागला. उशिरापर्यंत लांबलेला पाऊस, ओली भिंत आणि लोखंडी तार. कुणाला काही कळायच्या आत ती गेली. मूलबाळ नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा आप्पा आधीच तिथे होते. त्यांनी तारेवरचे ओले कपडे उतरवून, पिळून, बाजूला घडी घालून ठेवले होते. मंगलने माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

दहावा झाल्यावर मंगलनेच मला पाठवलं. "जा, त्यांना सांगा. तुम्ही नाही सांगणार तर कोण?"

देवरे सर ओट्यावर बसले होते. मुंडण केलेल्या डोक्यामुळे ते मला एकदम वेगळेच वाटले, लहानही आणि म्हातारेही. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "सर, तुम्हाला आता हेडमास्तर करतील."

"माहीत आहे."

"का करतील, तेही माहीत आहे?"

"वाडीतले फोटो मीही पाहिलेत," ते म्हणाले.

"मग नाही म्हणा. मैदान जाईल, सर. तुम्हीच तर..."

त्यांनी डोक्यावरून तळवा फिरवला. "तुम्ही त्या दिवशी आलात आणि आज आलात. बरोबर?"

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"तुमचं चुकलं असं नाही म्हणत. सगळेच तसे आले. तो रोज येतो. जेवायला बसवतो. आंघोळीला पाणी काढून देतो." त्यांनी आत, अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. "घरात शिरलो की मला ती तार दिसते, सर. शाळेत कुणी बसायला जागा देत असेल, तर मी बसतो. कुणाच्या कामाची का असेना."

आतून भांड्यांचा आवाज आला. मी दचकलो. आप्पा चुलीजवळून कपबशा घेऊन बाहेर आले. ते सगळा वेळ आतच होते. त्यांनी एक कप देवऱ्यांना दिला, एक मला, आणि स्वतः उंबऱ्याला टेकून बसले. चहा चांगला होता.

सत्कार झाला, फोटो निघाला. पुढच्या बैठकीत शेठने मैदानाचा विषय काढला, तेव्हा देवरे सर आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "तसंच करा." तो आवाज मी आधी ऐकलेला होता. मी विरोध नोंदवला. तो नोंदवला गेला आणि तेवढ्यावर राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेड उभे राहिले. शाळा उघडली तेव्हा वर्गाच्या भिंती दिवसभर थरथरत होत्या, आणि पोरं पाढे किंचाळून म्हणायला शिकली होती. देवरे सर ऑफिसात दार उघडं टाकून बसत. कुणी आत गेलं की ते उठून उभे राहत, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे.

आम्ही तिथे फार काळ राहिलो नाही. चलथाणला साखर कारखान्याच्या बाजूला एका शाळेत मला जागा मिळाली. सामान टेम्पोत भरत असताना आप्पा खाली आले. रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचे वडील गावाकडं असतात ना, सर? तब्येत कशी शे त्यांची?"

"ठणठणीत आहेत," मंगल टेम्पोतूनच म्हणाली, इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली.

वडील, आमचे अण्णा, त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटी शेवटी आमच्याजवळच चलथाणला होते. आम्ही डिंडोली सोडल्याला दहा वर्षं होत आली तेव्हा, उसाच्या गाड्या रस्त्याने चालू असताना ते गेले. सगळं रीतीने पार पडलं. भाऊ-भावजया परभणीला परतल्या, शाळेतले लोक येऊन गेले. मग दुपारी घरात अशी शांतता पडू लागली, की मी एका खोलीतून दुसरीत नुसता जायचो आणि कशाला आलो ते आठवायचं नाही. सुट्टी संपायला अवकाश होता. कुणीतरी यावं असं वाटायचं. मंगल तिच्या कामात असायची. अण्णांचं अंथरूण, औषधं, कपडे आवरण्याचं काम तिच्या एकटीवर पडलं होतं, आणि मी त्यात हात घालायला धजत नव्हतो.

अशा एका दुपारी मी मान वर केली, तर उंबऱ्यात आप्पा बसलेले. कधी आले, कुणी सांगितलं, कळलं नाही. फार थकले होते. मान बारीक झाली होती. पिशवी तीच. त्यांनी माझा हात हातात घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. मला सांगायला हवं, की मला भीती वाटली नाही. त्या हाताच्या उबेने माझ्या डोळ्यांतून पहिल्यांदा पाणी आलं.

मंगलने चहा आणून ठेवला, त्यांच्याकडे न बघता. तो पिऊन झाल्यावर आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले.

"निघतो, सर."

"काही काम होतं का, आप्पा?"

"काही नाही. आता कोण विचारतं मला? नुसता दारावर आलो."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते पायरीपर्यंत गेले. बाहेर ऊन नुसतं पडून होतं, आणि आत त्या दोन रिकाम्या खोल्या. काय बोलतोय हे कळायच्या आत मी म्हणालो, "काहीच नाही, आप्पा?"

ते थांबले. सावकाश वळले. माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे त्यांनी पाहिलं आणि चांगला कान माझ्याकडे केला. मग पिशवी खाली ठेवली.

मंगल आतून कधी आली ते मी पाहिलं नाही. तिने ती पिशवी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"आप्पा, तुमची बस जाईल."

ते तिच्याकडे बघत राहिले. खूप वर्षांपूर्वी नळावर पाहिलं होतं तसेच. "हो, बाई," म्हणाले, आणि उसाच्या गाड्यांच्या कडेकडेने निघून गेले.

मंगलने दार लावलं नाही. हातातलं अण्णांचं धोतर खांद्यावर टाकून ती उंबऱ्यात खाली बसली, माझ्यासमोर.

"राहू दे हे आवरणं," ती म्हणाली. "गेले त्या पहाटे अण्णा तुमच्याशी काय बोलले? तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. मला सांगा."

मी सांगू लागलो.